पोच घेतल्याशिवाय परत यायचं नाही: आमच्या नगरसेविकेच्या कार्यालयाचा अनुभव

पर्वतीच्या पायथ्याशी आमच्या नगरसेविकेचं जनसंपर्क कार्यालय आहे, त्याबद्दल लिहिते आहे. मिसळ कुठली चांगली, पैठणी कुठे घ्यावी यावर पुण्यात भरपूर लिहिलं जातं. पण पेन्शन, दवाखान्याचं बिल किंवा मुलाचा शाळाप्रवेश अडला की माणूस ज्या दारात जाऊन बसतो, तिथे त्याला कशी वागणूक मिळते हे कुणी लिहून ठेवत नाही. मी घरी शिवणकाम करते. माझ्या धाकट्या जावेच्या कामासाठी या कार्यालयात जाणं सुरू झालं आणि मग वस्तीतल्या बायका मलाच विचारायला लागल्या, की तिथे जावं का, काम होतं का, पैसे मागतात का. त्यांना तोंडी सांगते तेच इथे सविस्तर लिहिते. ताईंचं नाव आणि पक्ष लिहीत नाही. नाव दिलं की वाचणारे पक्षावरून भांडत बसतात आणि कामाचं बोलणं राहून जातं.

जागा साधी आहे. रस्त्याकडेचा एक गाळा, अर्धं शटर, भिंतीला लागून प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि आत एक टेबल. भिंतीवर जोतीराव, सावित्रीबाई, बाबासाहेब आणि डिसेंबर २०२५ मध्ये ते गेल्यापासून हमालांचे नेते बाबा आढाव. टेबलावर एक जाड वही असते. नाव, वस्ती, काम काय, कुठल्या कचेरीतलं, अर्ज कधी दिला, आवक क्रमांक काय, पुढची तारीख कोणती असे तिचे रकाने आहेत. शेवटचा रकाना 'काय झालं' असा आहे आणि तो कोरा असला की तिथे लाल पेनाने टिंब केलेलं असतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ती वही बघूनच मला बरं वाटलं. आपलं काम कुणाच्या तरी नुसत्या डोक्यात न राहता कागदावर राहणार, एवढा तरी भरवसा आला.

टेबलामागे बसतात ते काका. खरं कार्यालय तेच चालवतात. तालुक्याच्या कचेरीत कारकून होते, निवृत्त झाल्यावर इथे येऊन बसायला लागले.

माझे धाकटे दीर वारले तेव्हा जावेची दोन्ही मुलं शाळेत होती. तिला मणक्याचं दुखणं, उभं राहून काम होत नाही, म्हणजे हाताला काम नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजना तिच्यासारख्या बाईसाठीच आहे हे आम्हाला ऐकून माहीत होतं. पण एका कचेरीबाहेरच्या एजंटाने तीन हजार सांगितले आणि वर 'साहेबांचे वेगळे' असं म्हणाला. महिन्याला १,५०० रुपये मिळवण्यासाठी दोन महिन्यांचे पैसे आधीच द्यायचे. आम्ही तिथून निघालो ते थेट ताईंच्या कार्यालयात आलो.

काकांनी तिला एकही प्रश्न वरवर विचारला नाही. पुण्यात कधीपासून? महाराष्ट्रात १५ वर्षांचा रहिवास दाखवता येईल का? लग्न होऊन आली तेव्हाचा कुठला कागद आहे? रेशनकार्डात दिरांचं नाव कमी केलं का? बँकेचं खातं आधारला जोडलेलं आहे का? कारण आता अनुदान थेट खात्यात येतं आणि जोडणी नसली की मंजूर झालेले पैसेसुद्धा अडकतात. मृत्यूचा दाखला, मुलांचे शाळेचे दाखले, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, सगळं त्यांनी एका कागदावर क्रमाने लिहून दिलं. कुटुंबातला कमावता माणूस गेला तर केंद्राच्या कुटुंब लाभ योजनेत एकरकमी २०,००० मिळतात, तेही सांगितलं. आणि तुमचं नाव दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाही, त्यामुळे ते तुम्हाला मिळणार नाहीत, हेही तिथल्या तिथे सांगितलं. खोटी आशा लावली नाही. मला ते फार पटलं.

कागद जमले तेव्हा मला वाटलं, आता ताई चिठ्ठी देतील किंवा एखादा कार्यकर्ता सोबत पाठवतील. काका म्हणाले, "वहिनी, अर्ज तुम्हीच द्यायचा. दोन प्रती न्यायच्या. एक त्यांना, एकीवर शिक्का, सही, तारीख आणि आवक क्रमांक. पोच घेतल्याशिवाय परत यायचं नाही."

माझी जाऊ कमी बोलणारी. दुकानदाराने सुटे परत दिले नाहीत तरी मागायची नाही. खिडकीवरच्या माणसाने अर्ज ओढून घेतला आणि म्हणाला, "ठेवून जा, बघतो." मी मागे उभी होते. तिने दुसरी प्रत पुढे सरकवली आणि म्हणाली, "पोच द्या." तो म्हणाला, लागत नाही. ती तिथून हलली नाही. मागे रांग वाढली. "आवक क्रमांक टाकून द्या, मला पुढच्या तारखेला विचारायला लागेल," एवढंच ती पुन्हा म्हणाली. शिक्का मारला गेला तेव्हा तिने आधी तारीख वाचली, मग क्रमांक वाचला, त्याची शाई वाळू दिली आणि मग प्रत पिशवीत ठेवली. तिचं अनुदान मंजूर झालं. वेळ लागला, एकदा कागद परतही आला, पण कुणाला एक रुपया द्यावा लागला नाही. आता दरवर्षीचा हयातीचा दाखला ती स्वतः जाऊन देते आणि शेजारच्या दोघींना बरोबर नेते.

हे कार्यालय असं का चालतं, याला कारण आहे. महापालिकेच्या आधीच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षं निवडणूकच झाली नाही. प्रशासकांचा कारभार. ताईंच्या पाटीवर 'माजी' लागलं. ज्यांचं सगळं काम लेटरहेडवर चालायचं, त्यांच्या लेटरहेडला कुणी विचारेना. नगरसेवकाला प्रभागातल्या कामांसाठी मिळणारा 'स' यादीतला निधी नाही, सभागृहात प्रश्न विचारता येत नाही, क्षेत्रीय कार्यालयातला अधिकारी फोन उचलेलच असं नाही. आमच्या भागातली काही कार्यालयं त्या काळात बंदच असायची. ताईंचं उघडं राहिलं, आणि काकांनी एकेका योजनेचा शासन निर्णय छापून त्याच्या फायली केल्या. २००५ चा माहिती अधिकार आणि २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा, यांचे अर्ज कसे लिहायचे ते वस्तीतल्या पोरींना शिकवलं. दाखला ठरलेल्या मुदतीत मिळाला नाही तर अपील करता येतं, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली, ताई परत निवडून आल्या, चिठ्ठीला पुन्हा वजन आलं. तरी वही तीच आणि सांगणं तेच. या कार्यालयाला मी चांगलं म्हणते ते मुख्यतः यासाठी. चिठ्ठीने काम झालं की माणूस ताईंचा मिंधा होतो, पुढच्या वेळी परत हात जोडून उभा राहतो. अर्जाने आणि पोचेने काम झालं की पुढचं काम तो आपलं आपण करतो.

आता ४१ प्रभाग आणि १६५ नगरसेवक, म्हणजे एका प्रभागात पाच आणि बाकी सगळीकडे चार-चार जण. त्यामुळे 'हे माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे जा' ऐकायची तयारी ठेवावीच लागते. इथे तसं ऐकलं नाही. दुसऱ्या नगरसेवकाच्या हद्दीतलं काम असलं तरी नोंद होते.

दवाखान्याच्या कामात मात्र ताई स्वतः उतरतात. आमच्या गल्लीतल्या एका रिक्षावाल्या भाऊंना छातीत दुखायला लागलं तेव्हा घरच्यांनी त्यांना जवळच्या मोठ्या रुग्णालयात नेलं. नाव लिहीत नाही. ते धर्मादाय रुग्णालय आहे, म्हणजे सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ कक खाली येणारं. काउंटरवर अनामत रक्कम मागितली. त्यांच्या बायकोने गळ्यातलं काढायला घेतलं होतं. ताईंना फोन गेला. पुढाऱ्याच्या फोनवरची आरडाओरड आपण नेहमी ऐकतो, ती इथे नव्हती. त्यांनी काउंटरवरच्या मुलीला फोन द्यायला सांगितला आणि स्पीकरवर विचारलं, "तुमचे समाजसेवक कुठे बसतात? त्यांना बोलवा. निर्धन रुग्णांच्या खाटा आज किती रिकाम्या आहेत ते रजिस्टरमध्ये बघून सांगा. आणि पेशंट इमर्जन्सीचा आहे, अनामत मागता येत नाही, हे उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेत लिहिलंय."

ती योजना २००६ पासून आहे. अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. निर्धनसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार, दुर्बल घटकासाठी ३ लाख ६० हजार. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून घ्यायचं, कागद नंतर. रिक्षावाल्यांची, घरकाम करणाऱ्यांची, वॉचमनची किती कुटुंबं यात बसतात ते बघा, आणि यातल्या किती जणांना हे ठाऊक आहे तेही बघा. भाऊ दाखल झाले, उत्पन्नाचा दाखला दुसऱ्या दिवशी गेला, निर्धन कोट्यात उपचार झाले. आता कार्यालयाच्या शटरवर आतल्या बाजूने हा नियम मोठ्या अक्षरांत चिकटवलेला आहे. मी त्याचा फोटो काढून माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवला आहे.

वहीचा आणखी एक उपयोग आहे. ताईंची आंदोलनं तिच्यातूनच निघतात. संजय गांधी योजनेच्या पानांवर एकच शेरा पुन्हा पुन्हा येतो, 'उत्पन्न जास्त'. ही मर्यादा वर्षाला २१ हजार रुपये आहे. महिन्याचे होतात १,७५०. पुण्यात एका घरची धुणीभांडी केली तरी बाई या आकड्याच्या पुढे जाते. म्हणजे विधवा बाईने मुलांना जगवायला दोन घरची कामं धरली की सरकारच्या लेखी ती निराधार राहत नाही. अनुदान २०२३ मध्ये १,००० वरून १,५०० झालं, दिव्यांगांचं नंतर २,५०० झालं, पण हा २१ हजारांचा आकडा तिथेच आहे. ताईंनी वहीतल्या अशा नाकारलेल्या बायकांना एकत्र बोलावलं, प्रत्येकीचा महिन्याचा हिशोब लिहून घेतला. दूध, गॅस, घरभाडं, मुलांच्या वह्या. त्या हिशोबाच्या प्रती घेऊन बायका जिल्हाधिकारी कचेरीवर गेल्या. मीही होते. घोषणा कमी दिल्या, कागद जास्त दिले, आणि त्यांचीही पोच घेतली. मर्यादा अजून वाढलेली नाही. ताई हा विषय सोडत नाहीत म्हणून मी लिहिते आहे, नाहीतर मोर्चा काढून फोटो छापून आणणारे पुष्कळ बघितले.

शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत गरीब मुलांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांचंही तसंच. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियम बदलून, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना सूट दिली, तेव्हा कार्यालयात रोज आईबाप येऊन बसायचे. उच्च न्यायालयाने जुलैमध्ये तो बदल रद्द केला. त्या मधल्या महिन्यांत काकांनी सगळ्यांचे कागद तयार ठेवायला लावले होते.

सफाईच्या कामाबद्दल मात्र जरा थांबून लिहायला हवं, कारण ते सोसायट्यांमध्ये राहणाऱ्यांनीही वाचायला पाहिजे. ताई पहाटे आरोग्य कोठीवर, म्हणजे सफाई कामगारांची हजेरी होते तिथे, जाऊन उभ्या राहतात. कंत्राटी सफाई कामगारांना विचारतात, पगाराची पावती मिळते का, पीएफ कापतात तो भरतात का, ईएसआयचं, म्हणजे कामगारांच्या दवाखान्याच्या विम्याचं, कार्ड आलं का. ज्या बाईला स्वतःचा पीएफ नंबर माहीत नाही, तिचं नाव त्याच दिवशी वहीत जातं. पुण्यात कचरावेचक बायका १९९३ पासून संघटित आहेत, २००८ पासून 'स्वच्छ' या आपल्या सहकारी संस्थेच्या रूपाने महापालिकेबरोबर करार करून दारोदार कचरा गोळा करतात. ही या शहराची मोठी गोष्ट आहे. पण झाडणकाम आणि ड्रेनेजचं काम कंत्राटात विखुरलेलं आहे आणि तिथली माणसं एकेकटी पडतात.

ताईंनी प्रभागातल्या प्रत्येक सोसायटीच्या सूचनाफलकावर एक पानभर मजकूर लावायला दिला आहे. सेप्टिक टँक किंवा ड्रेनेजच्या चेंबरमध्ये संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणं हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अशा कामात माणूस दगावला तर ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं आहे. मी ब्लाउज द्यायला गेले तेव्हा एका सोसायटीच्या चेअरमननी तो कागद काढून टाकलेला दिसला. 'पाहुणे येतात, बरं दिसत नाही' म्हणाले. मी ताईंना सांगितलं. त्यांनी जाऊन चेअरमनशी अर्धा तास शांतपणे बोलून तो परत लावून घेतला, आणि टाकी साफ करायला मशीनची गाडी कशी मागवायची ते कागदाच्या तळाशी लिहून दिलं.

आता जे पटत नाही ते.

ताईंचा वाढदिवस आला की चौकात फ्लेक्स लागतात. कार्यकर्ते लावतात, ताई 'मी सांगितलं नव्हतं' म्हणतात. हे उत्तर मला मान्य नाही. भिंतीवर ज्यांचा फोटो आहे ते जोतीराव १८७६ पासून काही वर्षं याच पुण्याच्या नगरपालिकेत सभासद होते, आणि व्हाइसरॉयच्या स्वागतावर पैसे उधळायला त्यांनी भर सभेत विरोध केला होता, गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा म्हणून. त्यांच्या फोटोखाली बसणाऱ्या माणसाने कार्यकर्त्यांना एक शब्द सांगावा, फ्लेक्स उतरतील.

दुसरं, सगळा भार काकांवर. ते आजारी पडले त्या आठवड्यात वही कपाटात आणि कपाटाची किल्ली त्यांच्याकडे. एक शिकलेली मुलगी हाताशी ठेवून तिला पगार दिला पाहिजे. वस्तीत तशा मुली आहेत.

तिसरं सर्वात गंभीर. आंबिल ओढ्याच्या काठच्या लोकांचं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ओढ्याला पूर आला तेव्हा ताईंनी पंचनाम्यांसाठी घरोघर फिरून याद्या केल्या, हे मी स्वतः बघितलं आहे. २४ जून २०२१ ला भर पावसाळ्यात आणि कोरोनाच्या काळात घरं पाडायला यंत्रणा आली तेव्हाही त्या लोकांमध्ये उभ्या होत्या. पण पुनर्वसन कुठे, किती चौरस फुटांचं, तात्पुरत्या खोल्यांत किती वर्षं काढायची आणि तोपर्यंत मुलांच्या शाळेचं काय, या प्रश्नांवर त्यांची भूमिका दर सभेला थोडी वेगळी ऐकू येते. बिल्डरसमोर एक आणि वस्तीत एक, असं मी म्हणत नाही, तसं मी ऐकलेलं नाही. पण इतर कामात इतकी स्वच्छ भाषा असलेल्या बाईने इथे 'बघू, चर्चा चालू आहे' म्हणू नये. घराच्या बाबतीत लोकांना लेखी पाहिजे. आम्ही काही जणींनी मागच्या महिन्यात त्यांना तसं पत्रच दिलं आणि दुसऱ्या प्रतीवर त्यांच्याच कार्यालयाचा शिक्का घेतला. काकांनी हसून शिक्का मारला आणि वहीत नोंद केली. उत्तर आल्यावर इथे भर घालीन.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी: सकाळी दहा ते एक काका असतात, कागदाची कामं तेव्हाच होतात. संध्याकाळी सात नंतर ताई भेटतात, पण गर्दी फार असते, बायकांनी लहान मुलं घेऊन त्या वेळी जाऊ नये, बसायला जागा राहत नाही. रविवारी बंद. मूळ कागद आणि झेरॉक्स वेगवेगळ्या पिशवीत न्या. झेरॉक्सवर आधीच सही करून नेऊ नका, समोर करायला लावतात. दवाखान्याच्या खर्चाला मदत देणाऱ्या महापालिकेच्या शहरी गरीब योजनेचं कार्ड दरवर्षी नव्याने काढावं लागतं, त्यासाठी एप्रिलमध्येच जा, आजारपण आल्यावर नको. कुणी पैसे मागितले तर थेट ताईंना सांगा, त्यांचा नंबर शटरवर लिहिलेला आहे. आणि खुर्चीवर बसल्यावर आपल्या आधी आलेल्या म्हाताऱ्या बाईचा अर्ज लिहून द्यायला काका सांगतील, तेव्हा पेन बरोबर असू द्या.